अकरा पस्तीसचं विमान

"पुण्याचं किती वाजता येते रे?" आईनं डोळे न उघडताच विचारलं.

"बारा पंचावन्नला. अजून खूप वेळ आहे. तू झोप."

"झोपूनच तर आहो बाप्पा," ती म्हणाली.

सकाळचे साडेसात वाजले होते. डॉक्टर बोकडे नुकतेच तपासून गेले होते. व्हरांड्यात चपला घालताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, "भास्करराव, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. हृदय पार थकलं आहे. संध्याकाळ काढतील. पुढचं मी सांगत नाही."

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. आमचं घर नागपुरात सोनेगावला, विमानतळाच्या अगदी पाठीमागे. विमान उतरायला लागलं की फळीवरची भांडी वाजायची. शेजारचे लोक त्या आवाजाला शिव्या घालायचे, आईनं मात्र त्याच्याशी सलोखा केला होता. जन्मात ती कधी विमानात बसली नाही, पण मुंबईचं कोणतं, दिल्लीचं कोणतं, हे तिला वेळेवरून कळायचं. बारा पंचावन्नला पुण्याचं यायचं. त्याची घरघर ऐकू आली की हातातलं काम टाकून ती अंगणात जायची आणि विमान झाडांआड होईपर्यंत वर पाहत राहायची. तीन वर्षं तिचा हा नेम चालला होता. कारण माझी धाकटी बहीण पमी पुण्याला दिली होती आणि तीन वर्षांत ती माहेरी आलेली नव्हती.

का आली नव्हती, हे कोणी विचारलं तर मी सरळ तिच्या सासऱ्याचं नाव सांगायचो.

मी मोजणी खात्यातला माणूस. उभी हयात शेताच्या हद्दी मोजण्यात गेली. दोन भाऊ एका बांधावरून डोकी फोडायला निघाले की मध्ये मी टेप आणि नकाशा घेऊन उभा असायचो. कोणाच्या शब्दावर विसंबायचं नाही, हद्दीच्या दगडापर्यंत स्वतः चालत जायचं, ही मला खात्यानं लावलेली सवय. ती मी घरातही वापरली. पमीला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा आईचं एकच म्हणणं होतं, "पोरीले इतक्या दूर कायले देतं?" मी नकाशाचं पुस्तक जमिनीवर उघडलं, पट्टी ठेवली आणि तिला दाखवलं, "नागपूर ते पुणे सरळ रेषेत सहाशे वीस किलोमीटर. विमानानं एक तास वीस मिनिटं. तू महालच्या बाजारातून भाजी घेऊन येशील, तेवढ्यात पमी घरी." आईला पट्टीतलं काही कळत नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहून होकार दिला.

लग्नानंतर दोन-अडीच वर्षं सगळं सुरळीत होतं. मग एका दुपारी पमी एकटीच पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मूलबाळ होत नव्हतं, त्यावरून सासू काहीतरी लागट बोलली होती. ही उठली आणि विमानात बसली. आईला आभाळ ठेंगणं झालं. पण दुसऱ्या दिवशी पमीच्या सासऱ्यांचा, आसटकरांचा फोन आला. "भास्करराव, आमच्या घरची सून माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मनात आलं की विमानात बसायचं, ही कुठली रीत?"

तेवढं ते बोलले आणि माझं डोकं फिरलं. वडील नसलेल्या घरात भावाला आपल्या मिशीची जरा जास्तच काळजी असते. मी म्हटलं, "मग माझंही ऐकून घ्या. आजपासून मी स्वतः मुराळी म्हणून आल्याशिवाय पमी माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. आणि तुम्ही हात जोडून पाठवल्याशिवाय मी येणार नाही."

दुसऱ्याच दिवशी मी पमीला परत विमानात बसवलं. आई रडत होती. पमी रडली नाही. "तू न्यायला येशील नं भाऊ?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, "येईन. मानानं नेईन."

त्यांनी हात जोडले नाहीत, मी गेलो नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ अजून जळायचाच होता. दिवाळ्या गेल्या, राख्या पाकिटातून आल्या, आई अंगणातून वर पाहत राहिली.

त्या सकाळी डॉक्टर गेल्यावर मी पमीला फोन लावला. पहिल्या घंटीलाच तिनं उचलला.

"भाऊ, आई?"

"आहे. पण डॉक्टरनं सगळ्यांना बोलवून घ्या म्हटलं."

 ती भराभर बोलायला लागली, "भाऊ, अकरा पस्तीसला विमान आहे. बारा पंचावन्नला मी तिथं. एकच्या आत घरी. मी बसू का? इकडून घरचे पण—"

"घरच्यांना सांग, भास्कर वैरागडे स्वतः येऊन राहिला," मी तिला मध्येच तोडलं. "नऊ चाळीसचं विमान पकडतो. तुला घेऊन परत येतो."

"अरे पण तू आईजवळ थांब नं. मी येते आपली आपण."

"आणि उद्या तुझ्या सासऱ्यानं म्हटलं की आली आपल्या पायानं, तर? तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी काढली, ती एका सकाळी मातीत घालू?"

"बरं मग असं कर," ती म्हणाली. तिचा आवाज इतका समजुतीचा होता, की मी मूर्ख नसतो तर तेव्हाच समजलो असतो. "मी विमानतळावर येऊन उभी राहते. तू अकराला उतरशील. तेच विमान अकरा पस्तीसला परत फिरते. दोघं बसू. तू न्यायला आला, असंही होईल."

"पमे, पोरीला दारातून नेतात, रस्त्यावरून नाही. मी घरी येतो. चार चाळीसचं विमान आहे, सहाला नागपूर. डॉक्टरनं संध्याकाळ म्हटलं आहे. बसते माझ्या हिशेबात."

 मी फोन ठेवला.

माझी बायको सिंधू दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. "अहो, येऊ द्या नं तिला एकटी," ती म्हणाली. "ही वेळ आहे का मानापानाची?"

"तुला यातलं कळत नाही," मी म्हटलं. एकवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजणी कधी केली नाही.

कपडे बदलून मी आईजवळ गेलो. "आई, पमीला आणायला जाऊन राहिलो. संध्याकाळी सहाला तुझ्यासमोर उभी करतो."

आईनं डोळे उघडले. माझं मनगट धरलं. त्या हातात जोर राहिला नव्हता, पण तिनं धरून ठेवलं.

"कायले जातं?" ती म्हणाली. "येईल ते आपल्या आपण. तू बस अथी."

"मी गेल्याशिवाय ती येत नाही, आई."

"तू बस," ती पुन्हा म्हणाली.

मला वाटलं, म्हातारी माझ्या दगदगीला जपते आहे. तिची बोटं मी एकेक करून सोडवली, हात चादरीवर ठेवला आणि निघालो. विमानतळ आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. काउंटरवरच तिकीट घेतलं.

विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. खिडकीतून खाली पाहताना मला फार बरं वाटत होतं. हात जोडल्याशिवाय येणार नाही म्हणालो होतो, ती अट मी आईसाठी सोडली होती. मला तर तेव्हा माझं मनही मोठं वाटलं. लोहगावच्या विमानतळावर उतरून आत शिरलो तर काचेपलीकडे माणसांची रांग लागली होती. मी ज्या विमानातून उतरलो, त्याच विमानात बसून ती माणसं नागपूरला चालली होती. एक बाई हातात फुलांची पिशवी घेऊन उभी होती. पमीएवढीच असेल. मी घड्याळात पाहिलं, अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

आसटकर चिंचवडला राहायचे. मूळचे वर्ध्याचे, कारखान्यातल्या नोकरीत तीस वर्षं पुण्याकडे काढून त्यांची बोली अर्धी तिकडची झालेली. टॅक्सीनं पोचेपर्यंत सव्वाबारा झाले. दार उघडंच होतं. समोरच्या खुर्चीवर पमी निळं पातळ नेसून बसली होती. पिशवी मांडीवर होती. तीन वर्षांत तिचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ती उठली, पाया पडली आणि म्हणाली, "आता कशी आहे आई?"

"बरी आहे. सिंधू आहे जवळ."

"फोन केलास का?"

फोन मी विमानात बंद केला होता. "आत्ताच निघालो नं तिथून," मी म्हटलं. "काय फरक पडतो दोन तासांत?"

तेवढ्यात तिची सासू आतून आली. "भास्करभाऊ, हात धुऊन घ्या. पान वाढलंय."

मुराळ्याला उपाशी पाठवत नाहीत, ही दोन्हीकडची रीत. पाट मांडला होता, कडेनं रांगोळीची रेघ होती. जावई कामाला गेले होते, म्हणून आसटकर माझ्या शेजारी बसले. वरण, भात, वांग्याची भाजी, शिरा. मी जेवलो. आज लाज वाटते सांगायला, पण चांगला जेवलो. शिरा मागून घेतला. पमी दाराला टेकून उभी होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

"उतरलं असेल आता," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. बारा पंचावन्न झाले होते. 

आसटकरांनी पाण्याचा घोट घेतला, उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक कागद घेऊन आले. तो त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवला. विमानाचं तिकीट होतं. प्रमिला आसटकर, पुणे ते नागपूर, अकरा पस्तीस, आजची तारीख.

"काल संध्याकाळी काढून आणलं," ते म्हणाले. "आईला बरं नाही म्हणून पोरगी चार दिवस जेवत नव्हती. मीच म्हटलं, जा बाई, आमचं चुकलं असेल, आता कसली रीत धरायची. गाडीसुद्धा सांगून ठेवली होती नऊची. मग सकाळी तुमचा फोन आला."

"मग तिनं सांगायचं नाही का मला?"

"सांगत होते," पमी दारातूनच म्हणाली. "तू पुढं ऐकून घेतलं नाहीस."

"मी तिला तरीही म्हटलं, जा," आसटकर म्हणाले. "भाऊ रागावेल तर रागावेल, आई काही पुन्हा मिळत नाही. तर म्हणाली, माझ्या भावानं शब्द दिला आहे चार लोकांत. तो न्यायला निघाला आणि मी आधीच जाऊन बसले, तर त्याचं तोंड खाली होईल."  मग तो सत्तरीचा माणूस माझ्या ताटासमोर वाकला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. "तुम्ही म्हणाला होतात नं, हात जोडून पाठवा म्हणून? हे घ्या, जोडले. न्या आता पोरीला."

खरं सांगतो, कारण आता खोटं बोलून काही मिळायचं राहिलं नाही. त्या क्षणाला मला आनंद झाला. तीन वर्षं जे ऐकायला बसलो होतो, ते कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं. तिकडे माझी आई दाराकडे डोळे लावून पडली होती आणि इकडे मी शिऱ्याचा हात तसाच धरून मनातल्या मनात जिंकत होतो.

सासूनं पमीची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. "सांभाळून जा गं," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. इतकी वाईट माणसं नव्हती ती. वाईट आहेत, हे मी सोनेगावात तीन वर्षं सांगत होतो, एवढंच.

दोनला आम्ही टॅक्सीत बसलो. वाटेत एका पुलाच्या आसपास पमीचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला आणि ऐकत राहिली. "हो वहिनी," म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "हो." मग, "आम्ही निघालो आहोत. येतो."

"काय म्हणते सिंधू?"

"काही नाही. निघाले का म्हणून विचारत होती."

"मला काहून नाही लावला?"

"तुझा बंद आहे म्हणाली."

मग आठवलं. विमानतळावर पोचल्यावर पमी चूळ भरायला गेली, तेव्हा मी फोन सुरू केला. तो हातातच वाजला.

"किती वेळचा लावते आहे तुम्हाला," सिंधू म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "आई गेल्या हो. दोन वाजून दहा मिनिटांनी. मी पमीताईंना—"

पमी समोरून येत होती. तोंड पुसत होती. "ठेव, ठेव," मी म्हटलं. "पमी येऊन राहिली. मी पाहतो कसं सांगायचं ते." आणि सिंधूचं बोलणं अर्धवट तोडून फोन बंद केला. पमीचं जसं सकाळी तोडलं होतं तसंच.

पमीला मी सांगितलं नाही. स्वतःची समजूत घातली, की एवढ्या माणसांत, विमानात, तिनं हंबरडा फोडला तर कसं करायचं? घरी गेल्यावर सिंधू सांभाळेल. पण खरं कारण ते नव्हतं. मला तिची भीती वाटली. तिच्यापुढं तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही.

चार चाळीसला विमान उडालं. पमी खिडकीशी, मी मध्ये. नारळ तिच्या मांडीवर होता.

"किती मिनिटं राहिली भाऊ?"

"सत्तर."

थोड्या वेळानं, "आई काय करत असेल आता?"

"झोपली असेल."

"चहा घेतला असेल का तिनं?"

"घेतला असेल. सिंधू देते पाच वाजता."

"साखर बंद केली का तिची?"

"नाही. आता काय बंद करायची? देते आपली."

"आपलं विमान वरून जाईल तेव्हा तिला कळेल?"

 "हौ," मी म्हटलं. "कळेल. तिला सगळी विमानं कळतात."

पमीनं मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. मग पुन्हा विचारलं, "आता किती?" मी सांगितलं, "चाळीस." सहाशे वीस किलोमीटरमधला एकेक किलोमीटर त्या दिवशी माझ्या अंगावरून गेला. मोजणीची सारी विद्या माझ्याजवळ होती, पण ते अंतर काही संपत नव्हतं. आमच्या घरावरून विमान खाली आलं तेव्हा पमीनं काचेला कपाळ लावलं. आंब्याचं झाड दिसलं, पत्र्याचं छप्पर दिसलं आणि अंगणात माणसं दिसली. बरीच माणसं होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

विमानतळाबाहेर ऊन उतरलं होतं, पण चैत्राच्या झळा अजून होत्या. मी रिक्षाला हात केला आणि म्हणालो, "पमे, एक सांगायचं होतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "टॅक्सीतच सांगितलं वहिनीनं."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "मग विमानात ते चहाचं, साखरेचं काहून विचारत होतीस?"

"पाहत होते, तू कधी सांगतो ते."

आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. चिडली असती, माझी कॉलर धरली असती तर बरं झालं असतं. नारळ सांभाळत ती रिक्षात बसली.

घरी पोचलो तर आई जमिनीवर होती. पमी तिच्या पायांशी बसली आणि तिथं, इतक्या वेळानं, तिचा बांध फुटला. बायकांनी तिला धरलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. समोरचं दार सताड उघडं होतं, कोणीतरी त्याला वरवंटा लावून ठेवला होता. मी वरवंटा बाजूला करायला गेलो तर सिंधू म्हणाली, "राहू द्या. आईंनी उघडायला लावलं आहे ते."

"कधी?"

ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण बोलली सरळ. तिनं काही लपवलं नाही आणि मला वाचवायचा प्रयत्नही केला नाही.

"बारा पंचावन्नला विमान आलं," ती म्हणाली. "भांडी वाजली तशा आईंनी डोळे उघडले. एकदम टवटवीत दिसल्या. म्हणाल्या, 'पुण्याचं आलं. सिंधू, दार उघड, पमी येते.' मी म्हटलं, आई, त्या संध्याकाळी येणार आहेत. पण ते त्यांनी ऐकलंच नाही. उशी उंच करून मागितली. दाराला वरवंटा लावला तेव्हा कुठं शांत झाल्या. मग दाराकडेच पाहत होत्या. दीडला म्हणाल्या, 'रिक्षा भेटली नसन तिले.' दोन वाजता मला विचारलं, 'भास्कर कुठी आहे?' मी म्हटलं, पमीताईंना आणायला पुण्याला गेले." 

"मग?"

"मग म्हणाल्या, 'मी त्याले बस म्हटलं होतं.' तेच शेवटचं. नंतर बोलल्या नाहीत."

फळीवरची भांडी मला तेव्हा दिसत होती. अजूनही तीच आहेत. पमी अकरा पस्तीसला बसली असती तर आईला तासभर लेक मिळाली असती. मी घरी बसलो असतो तर लेक मिळाला असता. डॉक्टरच्या तोंडची संध्याकाळ मी घड्याळात बसवली आणि म्हातारीच्या वाट्याला दोघांतलं एकही येऊ दिलं नाही. दोन टोकांना दोन पोरं आणि ती मध्ये एकटी, अशी मोजणी मी केली होती. मिनिटाचीही चूक नव्हती तिच्यात.

चौदाव्याला पमी निघाली. सिंधूनं ओटी भरली. मी कपडे घालून तयार होतो. म्हटलं, "चल, पुण्यापर्यंत पोचवून देतो."

"नको."

"बरं, दिवाळीला न्यायला येईन."

"कोणाकडं?" तिनं विचारलं. "आई होती तोवर माहेर होतं भाऊ." मग वाकून पाया पडली आणि एकटी रिक्षात बसली. सिंधूच्या गळ्यात पडली होती, माझ्या नाही.

त्यानंतर दर चैत्रात, आईच्या तिथीच्या आधी, मी पुण्याला जातो. तीन वर्षांत एकदा जमलं नव्हतं, आता वर्षाला एकदा जमतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. जाताना एक तिकीट, येताना दोन. आसटकर वारले, त्यांची बायकोही गेली. पमी पाट मांडते, रेघ ओढते, वाढते. सिंधूची चौकशी करते, माझ्या गुडघ्यांची करते. जेवण झालं की मी म्हणतो, "चल पमे, न्यायला आलो आहे." ती घड्याळाकडे पाहते आणि म्हणते, "नाही भाऊ. तू नीघ, उशीर होईल." रागानं म्हणत नाही. रागानं म्हटलं असतं तर मी अजून भांडलो असतो.

यंदा सिंधू माझी पिशवी भरताना म्हणाली, "कशाला जाता? पाय सुजले आहेत तुमचे. बसा घरी."  पिशवी घेतली आणि गेलो.

येताना विमान भरलेलं होतं. माझ्या शेजारची खिडकीची जागा तेवढी रिकामी. हवाई सुंदरी हातात यादी घेऊन माझ्याकडे वाकली. "सर, इथल्या मॅडम यायच्या आहेत का अजून?"

"हौ," मी म्हटलं. "येईल."

ती थोडा वेळ थांबली. मग पुढं गेली आणि तिनं दार लावून घेतलं.